वरच्या बाथरूमची धार पुन्हा पुन्हा बारीक होते? टाकीखालचा पितळी वॉल आधी बघा

गोव्यातल्या डिचोली-साखळी भागात मी घरांची नळाची कामं करतो, आणि पावसाळा सुरू झाला की दरवर्षी एकच तक्रार चार-पाच घरांतून येते. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये पाण्याची धार बारीक झालीय, मागच्या वेळी दुरुस्त केलं होतं, थोडे दिवस बरं चाललं आणि परत तेच. यातला "थोडे दिवस बरं चाललं" हा भाग फार महत्त्वाचा आहे, कारण मला स्वतःला त्याचा अर्थ कळायला तीन फेऱ्या लागल्या. ज्यांच्या घरी हेच चाललंय त्यांनी पुढचा शॉवर विकत घ्यायच्या आधी हे वाचावं म्हणून सविस्तर लिहितोय.

साखळीजवळचं घर. स्लॅबवर हजार लिटरची टाकी, खाली एक इंची लाईन, लाईनीच्या सुरवातीलाच पितळी गेट वॉल, पुढे पाऊण इंची होऊन दोन बाथरूम आणि किचन. विहिरीचं पाणी पंपाने चढवतात आणि नळाचं पाणीही त्याच टाकीत. पहिल्यांदा फेब्रुवारीत फोन आला, मी गेलो, अँगल कॉक जुना होता तो बदलला, धार मस्त. मे महिन्यात परत फोन, तेव्हा शॉवर उघडून साफ केला, एका सांध्यात टेफ्लॉन टेपचा तुकडा अडकलेला सापडला, वाटलं हेच कारण, आणि धार परत मस्त. मग ऑगस्टमध्ये, चवथ (गणेश चतुर्थी) दहा दिवसांवर आलेली, त्या घरच्या काकींचा फोन. "अरे, परत तेच झालंय बघ, वर धार करंगळीएवढी, आणि मुंबईची माणसं येणार आहेत, अकरा जण." मी विचारलं मागच्या वेळी किती दिवस बरं होतं, तर म्हणाल्या आठ-दहा दिवस असेल, फेब्रुवारीतही तेवढंच, पण दर वेळी लगेच काय फोन करायचा म्हणून चालवून घेतलं.

इथे मी थांबलो. दोन वेळा दोन वेगवेगळी कामं केली आणि दोन्ही वेळा बरोब्बर आठ-दहा दिवसच बरं चाललं. म्हणजे त्या कामांनी काहीच बरं केलं नव्हतं. दोन्ही वेळा माझ्या हातून जे सारखं घडलं होतं त्यानेच धार सुटली होती, आणि सारखं घडलेलं एकच होतं, काम सुरू करताना मी टाकीखालचा गेट वॉल बंद केला आणि काम झाल्यावर उघडला.

आणखी एक खूण होती, ती मी दोन्ही वेळा बघितली आणि सोडून दिली. वॉल पूर्ण आवळला तरी पाणी पूर्ण बंद होत नव्हतं, थेंब थेंब येत राहायचं, मी पाईपात फडका कोंबून काम उरकलं होतं. असं दिसलं की समजायचं वॉलच्या आत काहीतरी बिघडलंय. आता मी तिथेच काम थांबवतो.

तेव्हा पहिलं काम म्हणजे मोजा. दहा लिटरची बादली आणि फोनचं घड्याळ, एवढं पुरतं. काकींकडे बाथरूमच्या बादलीच्या नळाला दहा लिटर भरायला ७५ सेकंद लागत होते, म्हणजे मिनिटाला आठ लिटर. शेजारच्या दुसऱ्या बाथरूममध्ये ७० सेकंद. दोन्हीकडे मार म्हटल्यावर दोष दोन्हींच्या आधीच्या, सामाईक लाईनीत. एकाच बाथरूमला त्रास असता तर त्याच फाट्यावर शोधलं असतं, अँगल कॉक, भिंतीतला स्टॉप कॉक, शॉवरची जाळी वगैरे. ही एक मोजणी केली की अर्धं घर बाजूला पडतं, आणि तरीही लोक आधी शॉवर बदलतात.

मग मी स्क्रूड्रायव्हरचं टोक गेट वॉलच्या अंगावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि काकींना खाली नळ सोडायला सांगितलं. आत सुईसारखा बारीक सुसकारा. मोकळ्या वॉलमधून पाणी जाताना असा आवाज येत नाही, हा आवाज फटीचा असतो. मग पान्याच्या लाकडी मुठीने वॉलच्या अंगावर दोन हलके टिचके मारले आणि खालून काकी ओरडल्या, "वाढलं, वाढलं!"

टाकी रिकामी करून वॉल काढला आणि वर्कशॉपमध्ये उभा कापला. हे प्रत्येकाने एकदा तरी बघायला हवं. गेट वॉलच्या आत एक पितळी पाचर असते, तिच्या पोटात आटे असतात, स्पिंडल (चाकाला जोडलेला दांडा) जागच्या जागी फिरतो आणि पाचर त्याच्यावर चढते नाहीतर उतरते. घरगुती छोट्या वॉलमध्ये बहुतेक हीच रचना असते, स्पिंडल बाहेर येत नाही, त्यामुळे बाहेरून चाक बघून पाचर कुठे आहे ते कधीच कळत नाही. या वॉलच्या पाचरीतले आटे जवळपास गेले होते. दोन-तीन फेरे उरले होते तेही बोथट. नखाने खरवडलं तर पिवळ्या पितळेच्या जागी गुलाबी, भुसभुशीत, जुन्या तांब्याच्या भांड्यासारखा रंग. आणि खाली, जिथे पाचर बसते त्या खोबणीत, लाल चिखलाचा घट्ट थर, स्क्रूड्रायव्हरने काढावा लागला इतका.

म्हणजे होत असं होतं की मी चाक उघडलं की उरलेल्या आट्यांवर पाचर कशीबशी वर चढायची, मग पाण्याच्या थरथरीने, वापरात, पंप चालू-बंद होताना रोज थोडी थोडी घसरायची, आणि शेवटी चिखलाच्या थरावर टेकायची. खाली जेमतेम सव्वा मिलीमीटरची फट राहायची. एक इंची भोकाचं क्षेत्रफळ साधारण ४९० चौरस मिलीमीटर आणि त्या चंद्रकोरीसारख्या फटीचं ३० च्या आसपास. अख्खं घर त्या फटीतून पाणी पीत होतं.

पण मग आठ-दहा दिवस काहीच कसं कळलं नाही, पाचर तर पहिल्या दिवसापासून घसरत असणार, असं कुणीही विचारेल. याचं उत्तर पाणी वॉलमधून कसं जातं त्यात आहे, आणि मला वाटतं हाच भाग आमच्या धंद्यात कुणी शिकवत नाही.

पाणी वॉलमधून जाताना जो दाब खातं तो पाण्याच्या वेगाच्या वर्गावर ठरतो. पुस्तकात प्रत्येक वॉलला एक आकडा दिलेला असतो, त्याला के म्हणतात, तो वेगाच्या हिशोबाने गुणला की किती मीटर उंचीचा दाब वाया गेला ते कळतं. पूर्ण उघड्या गेट वॉलचा के जेमतेम ०.२, अर्धा बंद असेल तर सुमारे २, पाऊण बंद असेल तर १७ च्या आसपास. आता एक इंची लाईनीत मिनिटाला सोळा लिटर पाणी जात असेल तर वेग सेकंदाला अर्धा मीटरच्या थोडा वर, म्हणजे अर्धा बंद गेट वॉल फक्त ३ सेंटीमीटर दाब खातो! पाऊण बंद झाला तर पाव मीटर. टाकीतल्या पाण्यापासून नळापर्यंतची उंची त्या घरात चार मीटरच्या जवळपास, तेव्हा तीन सेंटीमीटर कुणाच्या लक्षात येणार? पाचर अर्धी उतरली तरी घर निवांत. पण शेवटच्या काही मिलीमीटरमध्ये हाच आकडा शेकड्यांत जातो आणि धार एका दिवसात मेल्यासारखी होते. त्यामुळे सगळ्यांना वाटतं की "अचानक" बिघडलं. बिघडायला दहा दिवस लागलेले असतात, दिसतं शेवटच्या दिवशी.

याच्याच दुसऱ्या बाजूने बघा. अर्धा इंची स्टॉप कॉक, भिंतीत टाईलमागे असतो तो वायसरवाला, त्यात पाण्याला आधी वर चढून, आडव्या पडद्याच्या भोकातून, परत खाली यावं लागतं, म्हणून पूर्ण उघडा असतानाही त्याचा के १० च्या आसपास. मिनिटाला बारा लिटर म्हणजे अर्ध्या इंचाच्या भोकात सेकंदाला १.१ मीटरचा वेग, आणि दाब गेला ६५ सेंटीमीटर. म्हणजे नवाकोरा पूर्ण उघडा अर्धा इंची स्टॉप कॉक हा अर्ध्या बंद एक इंची गेट वॉलच्या वीसपट दाब खातो. वॉल नवा की जुना यापेक्षा आतला रस्ता किती मोकळा आणि किती सरळ हे जास्त मोठं.

आणि आपल्याकडे हे एवढं भोवतं कारण आपली घरं टाकीच्या उंचीवर चालतात. दहा मीटर उंची म्हणजे साधारण एक केजी प्रेशर (चौरस सेंटीमीटरला एक किलो). वरच्या मजल्यावरच्या शॉवरला स्लॅबवरच्या टाकीतून अडीच मीटर मिळाले तरी तो पाव केजीच झाला. त्यातून स्टॉप कॉकने ६५ सेंटीमीटर खाल्ले तर चौथा हिस्सा तिथेच गेला. शोरूममधले बरेच मिक्सर अर्धा ते एक केजीच्या हिशोबाने बनवलेले असतात, त्यांच्या आतली सिरॅमिक चकतीची भोकं बारीक असतात, ते आपल्या पाव केजीवर लावायचे आणि मग प्लंबरला बोल लावायचा, हे मी फार बघितलंय. पंप लावणार नसाल तर घेण्याआधी दुकानदाराला सरळ विचारा की हा ग्रॅव्हिटीवर चालतो का.

बॉल वॉल घेताना पण हेच. बाहेर अर्धा इंच लिहिलेलं असतं, आत बॉलचं भोक कधी १५ मिलीमीटर तर कधी १० च. वॉल डोळ्याला लावून आरपार बघा, पाईपाएवढं गोल दिसलं तर फुल बोअर, मध्ये कडं दिसलं तर नाही. १० मिलीमीटरच्या भोकात वेग सव्वादोन पट होतो आणि दाबाचं नुकसान पाचपट. बरं, नुकसान होतं ते अरुंद भोकात शिरताना कमी आणि बाहेर पडताना जास्त. ज्यांनी दिवाडीला किंवा चोडणला खाजनातली मानस (खाडीकाठच्या शेताच्या बांधातलं पाण्याचं दार) बघितलीय त्यांना हे लगेच कळेल. ओहोटीला पाणी मानशीच्या दारातून गुळगुळीत, काचेसारखं निघतं आणि पलीकडे मोकळ्यात आल्यावर भोवरे करून घुसळतं, ती घुसळण म्हणजेच गेलेला जोर. वॉलच्या आत बरोब्बर तेच होतं, फक्त दिसत नाही.

मानशीवरून आठवलं, एनआरव्ही (नॉन-रिटर्न वॉल, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) म्हणजे छोटी मानसच. भरतीला दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. पण बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच पितळी एनआरव्हीत दाराऐवजी स्प्रिंग असते आणि ती नुसती उघडायलाच २०-३० सेंटीमीटर पाण्याचा दाब खाते. प्रेशर पंप असताना ते जाणवत नाही. पंप बिघडला, काढून टाकला आणि एनआरव्ही तसाच लाईनीत राहिला की वरचा शॉवर रुसतो. अशी दोन घरं मला मिळालीत. लाईनीत एनआरव्ही असेल तर तो तिथे का आहे हे घरात कुणाला तरी विचारा, उत्तर मिळालं नाही तर बहुतेक तो काढता येतो, पण गिझरला जाणाऱ्या थंड पाण्याच्या लाईनीवरचा मात्र हात लावू नका.

आता आटे का गेले? पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, साध्या वॉलच्या पितळेत जस्त चाळीस टक्क्यांच्या जवळ. पाणी मऊ असेल आणि त्यात क्षार कमी पण क्लोराईड त्या मानाने जास्त असेल तर ते जस्त हळूहळू ओढून नेतं आणि मागे तांब्याचा पोकळ सांगाडा राहतो, तो गुलाबी भुसभुशीत रंग त्याचाच. आपल्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जमिनीतल्या विहिरींचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ आणि किंचित आंबट असतं, पीएच सातच्या खाली, किनाऱ्याकडे उन्हाळ्यात विहिरीत खारटपणा चढतो तो वेगळाच. गरम पाण्याच्या बाजूला हे आणखी लवकर होतं, म्हणून गिझरच्या आउटलेटचा वॉल आधी जातो. ओळखायची रीत सोपी आहे, जुन्या वॉलच्या आतल्या बाजूला चाकूने खरवडा, खाली पिवळं लागलं तर पितळ ठीक, गुलाबी लागलं तर तो परत लावू नका, कितीही चांगला दिसला तरी. अशा पाण्यासाठी डीझेडआर छापाचं पितळ मिळतं, त्यात थोडं आर्सेनिक घालून जस्त निघणं थोपवलेलं असतं, किंवा गन मेटलचा वॉल घ्यावा, त्यात जस्त कमी आणि कथील असतं. गेट वॉल घ्यायचाच असेल तर त्यावर आयएस ७७८ (भारतीय मानक) चा छाप बघा.

लाल चिखल आपल्याकडचा नेहमीचा, मातीतल्या लोखंडाचा. पहिल्या पावसानंतर विहीर गढूळ होते आणि दोन आठवडे लोक तेच पाणी टाकीत चढवतात. गेट वॉलच्या तळाला खोबण असते, तिथे तो गाळ हमखास बसतो. टाकीतून पाणी बाहेर घेणारा नीपल तळापासून दोन-तीन इंच वर असावा, म्हणजे गाळ टाकीतच राहतो आणि साफ करता येतो. कुणी सांगतात गाळणी लावा, पण टाकीच्या लाईनीवर माझा तिला विरोध आहे, गाळणी भरली की तीच नवीन फट होते आणि गच्चीवर चढून ती कुणी साफ करत नाही.

काकींकडे मी काय केलं? गेट वॉल काढला आणि एक इंची फुल बोअर फोर्ज्ड पितळेचा बॉल वॉल लावला, पुढे युनियन (खोलता येणारा जोड) टाकला म्हणजे पुढच्या वेळी पाईप कापायला नको, आणि युनियननंतर हवा जाण्यासाठी टाकीच्या वर जाणारा छोटा पाईप. बॉल वॉलचं मला सगळ्यात आवडतं ते हे की त्याची दांडी खरं बोलते, पाईपाच्या रेषेत म्हणजे उघडा, आडवी म्हणजे बंद. पण दांडी पूर्ण रेषेत आणा, एक तृतीयांश बंद बॉल वॉलचा के साडेपाचच्या आसपास जातो. महिन्यातून एकदा बंद-उघड करा, नाहीतर बॉल जाम होतो. आणि झटक्यात बंद करू नका, पाणी एकदम थांबलं की लाईनीत ठोका बसतो, जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाईपात सेकंदाला एक मीटरचं पाणी एकदम थांबवलं तर बारा-तेरा केजीचा धक्का तयार होतो.

बसवताना एक चूक सगळे करतात. पाना वॉलच्या लांबच्या षटकोनावर लावतात आणि जोर देतात, त्याने वॉलच्या दोन तुकड्यांमधला सांधा सैल होतो. ज्या टोकाला पाईप आवळताय त्याच टोकाचा षटकोन धरा. टेप बारा-पंधरा वेढे घालून वर आणखी आवळलं तर पितळ ताणाखाली राहतं, आणि ताणलेल्या पितळेला अमोनिया लागला तर ते काही दिवसांत उभं तडकतं. इंग्रजांच्या काळात आपल्याच देशात पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी अशी तडकायची, घोड्यांच्या मुतातल्या अमोनियामुळे, आणि त्याचं कारण १९२१ मध्ये नीट समजलं. गोठ्याजवळून लाईन जात असेल तर तिथे पितळ टाळा, मी तर सरळ प्लास्टिकचा वॉल लावतो.

भिंतीतला स्टॉप कॉक बदलायला टाईल फोडावी लागली असती, चवथीच्या तोंडावर ते नको म्हटलं, फक्त पूर्ण उघडा आहे ना ते बघितलं. मग बादली परत लावली. ७५ सेकंदांच्या जागी ३८.

चवथीला अकराच्या अकरा जण होते, फोन आला नाही. दहा दिवस झाल्यावर मीच गेलो आणि मोजलं, ३८. ऑक्टोबरमध्ये त्या बाजूला दुसरं काम होतं तेव्हा परत मोजलं, ३९.